बाटलीचं कव्हर बुडातून ओलं होतंय? फोम वाढवण्याआधी वजन करा

तक्रार ठरलेली असते. कव्हर नवं असतं तोवर सगळं छान. पाऊस सुरू झाला की आठवड्याभरात फोन येतो, "ताई, कव्हर गळतंय." दप्तरातल्या वह्यांचे कोपरे फुगलेले, ऑफिसच्या बॅगेत चार्जरच्या शेजारी ओल, आणि श्रावण लागेपर्यंत कव्हराला कुबट वास. शिवणारी बिचारी पुढच्या कव्हरात जाड फोम घालते, किंमत थोडी वाढवते, आणि पुढच्या पावसाळ्यात परत तोच फोन.

नुसता फोम जाड करून हे थांबत नाही. कव्हर भिजतं ते बहुतेक वेळा आत शिरणाऱ्या हवेमुळे. ठाण्यापासून बेलापूरपर्यंतचा आपला पट्टा खाडीला चिकटून. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत हवेत इतकी वाफ असते, की गार बाटलीपर्यंत पोचायला जरा वाट मिळाली की तिथे पाणी धरलंच. म्हणून कव्हर आधी बंद करायचं, जाड नंतर.

हे सगळं साध्या प्लॅस्टिकच्या किंवा एकेरी स्टीलच्या बाटलीबद्दल आहे. दुहेरी स्टीलची, मध्ये निर्वात पोकळी असलेली बाटली असेल तर तिला घाम येतच नाही. तिचं कव्हर पोचे पडू नयेत एवढ्यापुरतं. आणि तशा बाटलीला बाहेरून घाम यायला लागला असेल तर तिची पोकळी गेली असं समजा, कव्हर शिवून काही होणार नाही.

गळती की घाम?

गिऱ्हाईक म्हणतं गळतंय, म्हणून लगेच उसवायला बसू नका. स्वयंपाकघरातला एक-एक ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा घ्या. बाटलीत फ्रिजचं पाणी भरा, झाकण घट्ट लावा, बाटली कोरडी पुसून कव्हरात घाला आणि ते सगळं एका छोट्या ताटलीत ठेवून ताटलीसकट वजन करा. आकडा लिहून ठेवा. तासाभराने पुन्हा तसंच वजन करा. मधे झाकण उघडायचं नाही, घोट घ्यायचा नाही, ताटलीत पडलेले थेंब पुसायचे नाहीत.

वजन वाढलं असेल तर जास्तीचं पाणी हवेतून आलेलं आहे, दुसरीकडून यायला वाटच नाही. वजन जिथल्या तिथे आणि तरी कव्हर ओलं, तर बाटली गळते आहे. झाकणातला वायसर बघा, तो दबून चपटा झालेला असतो किंवा उलटा बसवलेला असतो. खात्री करायची तर साधं पाणी भरून बाटली रात्रभर वर्तमानपत्रावर आडवी ठेवा. साध्या पाण्याने घाम येत नाही, त्यामुळे सकाळी कागदावर डाग दिसला तर दोष झाकणाचाच. अशा बाटलीसाठी कव्हरावर मेहनत घेऊ नका, गिऱ्हाइकाला सरळ सांगा.

पावसाळ्यात फ्रिजचं पाणी भरलेल्या, कव्हर नसलेल्या अर्ध्या लिटरच्या बाटलीचं वजन पहिल्या तासात पाच-सात ग्रॅमने सहज वाढतं. म्हणजे चमचाभर पाणी. दिसायला किरकोळ वाटतं, पण १ ग्रॅम वाफेचं पाणी होताना सुमारे २,४०० ज्यूल उष्णता बाहेर पडते आणि त्यातली बरीचशी थेट बाटलीत जाते. ५ ग्रॅमची सगळी उष्णता बाटलीने घेतली तर अर्धा लिटर पाणी साडेपाच अंशांनी तापतं. म्हणजे घाम थांबवला की दप्तर तर वाचतंच, पाणीही जास्त वेळ गार राहतं. "कव्हर घातलं तरी पाणी लगेच कोमट होतं" ही तक्रार आणि "कव्हर ओलं होतं" ही तक्रार, दोन्ही एकाच रोगाच्या.

जानेवारीत पास, जूनमध्ये नापास

हवा किती गार झाली की तिच्यातली वाफ पाणी होऊन बसते, त्या तापमानाला दवबिंदू म्हणतात. पावसाळ्यात हवा ३० अंश आणि आर्द्रता ७५ टक्के असेल तर दवबिंदू २५ अंशांवर असतो. २५ च्या खाली असलेली कुठलीही गोष्ट ओली होणार. मे महिन्यात ३४ अंश आणि ६० टक्के असेल तरी तो २५ च्याच आसपास येतो, म्हणून उन्हाळ्यातही सुटका नाही. जानेवारीच्या दुपारी मात्र ३० अंश आणि ४० टक्के अशी कोरडी हवा मिळाली तर तो १५ पर्यंत उतरतो. हिवाळ्यात नमुना शिवून तपासला आणि ऑर्डर घेतली, की जूनमध्ये का पंचाईत होते ते यावरून कळेल.

हेच एका दिवसातही होतं. महापे-घणसोलीच्या ऑफिसात एसी चालू असतो, तिथे दवबिंदू १५ च्या आगेमागे, त्यामुळे टेबलावर बाटली बऱ्यापैकी कोरडी राहते. संध्याकाळी माणूस रबाळे स्टेशनवर येतो आणि ठाणे लोकल येईपर्यंत बॅगेत ओल धरते. गिऱ्हाईक शपथेवर सांगतं की दिवसभर काही नव्हतं. खोटं बोलत नाही ते.

आता फोमच्या जाडीचा ढोबळ हिशेब. आत ५ अंशांचं पाणी, बाहेर ३० अंशांची हवा आणि मध्ये ५ मिमी फोम असेल तर कव्हराची बाहेरची बाजू साधारण १७-१८ अंशांवर येते. म्हणजे दवबिंदूच्या बरीच खाली. ५ मिमीने घाम थांबत नाही, निम्म्यावर येतो. १० मिमी केलं तर बाहेरची बाजू २२-२३ पर्यंत जाते, तरीही जराशी ओल राहतेच. मग बाटलीत निम्मं फ्रिजचं आणि निम्मं साधं पाणी भरलं तर आतलं तापमान १६ च्या आसपास येतं, आणि १० मिमीचं कव्हर बाहेरून जवळजवळ कोरडं राहतं. मी कव्हर देतानाच हे सांगते. बर्फाचं पाणी भरून पावसात कोरडं राहील असं कव्हर शिवायचं तर ते उशीएवढं जाड होईल आणि दप्तराच्या बाजूच्या खिशात जाणार नाही. जे जमत नाही ते कबूल करू नये.

चंदेरी बाजू नेमकी कुठे?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे. बाजारात मिळणारी बरीच कव्हरं आणि त्यावरून घेतलेले पॅटर्न असे असतात: आत चंदेरी पन्नी, मधे पॉलिस्टरचं वॅडिंग (कापसासारखा भराव) किंवा स्पंज, बाहेर छानसं छापील कापड. दिसायला चोख. पण वॅडिंगमधून हवा आरपार जाते. बाहेरची दमट हवा छापील कापडातून, वॅडिंगमधून थेट गार पन्नीपर्यंत पोचते आणि तिथे पाणी होते. आतून बघितलं तर पन्नी कोरडी, आणि वॅडिंग मात्र ओलंचिंब. मग ते बुडात साचतं आणि शिलाईतून थेंबाथेंबाने बाहेर येतं. "आत कोरडं आहे, मग पाणी कुठून?" असं कोणी विचारलं तर उत्तर हेच. शिवाय ओलं वॅडिंग उष्णता अडवत नाही. पाण्यातून उष्णता हवेपेक्षा वीस-बावीस पटींनी जास्त वाहते.

एसीच्या तांब्याच्या पाइपावर काळं रबर गुंडाळलेलं बघा. त्याची वरची टेप जिथे फाटते तिथूनच भिंतीवर ओघळ येतो. थंड वस्तूचं कव्हर करताना वाफ अडवणारा थर गरम बाजूला, म्हणजे बाहेर हवा. डब्याचं, गरम जेवणाचं कव्हर शिवणाऱ्याला हे चटकन पटत नाही, कारण तिथे वाफ आतून बाहेर जाते आणि पन्नी आत ठेवणंच बरोबर असतं. डब्याच्या पिशवीचा पॅटर्न छोटा करून बाटलीला वापरला की तिथेच घात होतो.

आणि पन्नीचं आणखी एक. चमकणारा पृष्ठभाग उष्णता परतवतो, पण त्याच्यासमोर थोडी मोकळी हवा असेल तरच. बाटलीला टेकलेली किंवा दोन थरांमध्ये दाबून बसवलेली पन्नी त्या बाबतीत काही कामाची नाही. पन्नीचे जास्तीचे पैसे फोमला घाला.

सोपा उपाय म्हणजे ज्यातून हवाच जात नाही असा फोम घेणे. टीव्ही-फ्रिजच्या खोक्यात येतो तो पांढरा ईपीई फोम या कामाला उत्तम, शिवाय स्वस्त. जांभळी नाक्याच्या बाजारात पॅकिंगचं सामान विकणाऱ्यांकडे विचारा, किंवा वागळे इस्टेट, तुर्भे भागात पॅकिंगवाल्यांकडे रोलमधून मीटरवर कापून मागा. ५ मिमीचा घ्या आणि दोन थर लावा. एसीवाल्याकडून काळ्या रबराचं शीट मिळालं तर तेही चालतं, ते ६, ९, १३ मिमी अशा जाडीत येतं. फक्त त्याला सुरुवातीला रबराचा वास असतो, लहान मुलांच्या कव्हराला मी ते वापरत नाही. सोफ्याचा स्पंज मात्र नको. कुठल्याही फोमची परीक्षा एकच: तुकडा ओठांना घट्ट लावून फुंकर मारा. पलीकडे हात धरला तर वारा लागतो? मग वाफही तिथून जाणार, तो फोम परत द्या.

ओली रेघ कुठे आहे ते बघा

कव्हर तासभर वापरून झालं की उजेडाकडे धरून बाहेरून नीट बघा. क्विल्टिंग केलेल्या, म्हणजे सगळे थर एकत्र धरून तिरक्या रेघांनी शिवलेल्या कव्हरावर पाण्याचे शंकरपाळे उमटलेले दिसतात, अगदी शिलाईच्या रेघांवर. जिथे टाका पडतो तिथे फोम दाबून कागदाएवढा होतो, आणि त्या रेघेवर कापड बाटलीइतकंच गार पडतं. वर सुईच्या भोकांतून हवा जाते ते वेगळंच. हात लावला तर चौकोनाचा मधला भाग कोमट आणि रेघ गार लागते.

म्हणून फोम शिवायचाच नाही, सरकवायचा. बाहेरची पिशवी वेगळी, आतल्या अस्तराची पिशवी वेगळी आणि मधे फोमचं मोकळं नळकांडं. फोमच्या पट्टीची टोकं एकावर एक चढवायची नाहीत, भिडवायची आणि वरून पॅकिंगची टेप मारायची. दोन थर असले की आतल्या थराचा जोड एका बाजूला आणि बाहेरच्याचा बरोबर विरुद्ध बाजूला. बुडाला फोमच्या दोन चकत्या. बूड हे लोक विसरतातच. सगळीकडे १० मिमी आणि बुडाला नुसतं दुहेरी कापड, मग टेबलावर गोल डाग पडणारच.

बुडाला पाणी निघून जायला रिंग ठोकून भोक ठेवलेली कव्हरंही मी बघितली आहेत. करू नका. गार हवा जड असते. खाली वाट मिळाली की ती निसटते आणि वरच्या तोंडातून नवी दमट हवा आत ओढली जाते. म्हणजे पाणी काढण्यासाठी ठेवलेलं भोकच पाणी आणतं. बूड बंद असेल तर गार हवा कव्हरात तशीच बसून राहते, बाहेरच्या हवेला आत यायला जागा उरत नाही.

तोंडाशीही हाच विचार. कव्हर खांद्यापर्यंत आणून सोडलं तर बाटलीच्या उघड्या मानेवर घाम धरतो आणि ओघळ आत उतरतो. तोंडाला सहा-सात सेंमी उंचीची पॅराशूट कापडाची कॉलर जोडा, तिच्यात नाडा आणि स्टॉपर घाला आणि झाकणाखाली आवळा. कॉलरीला अस्तर नको, फोम नको, ती फक्त हवा अडवायला आहे. अस्तराच्या पिशवीत बुडाला टर्किश टॉवेलची एक सुटी चकती टाका. चार थेंब आले तर ती पिते, रोज रात्री काढून वाळत घालता येते. या दोन गोष्टींनी जेवढा फरक पडतो तेवढा फोम बदलूनही पडत नाही.

कापताना बरोबर, शिवल्यावर घट्ट

दुसरी नेहमीची रड मापाची. बाटलीचा घेर मोजला, माया (शिलाईसाठी कडेला सोडलेलं जास्तीचं कापड) धरून सगळे थर एकाच मापाने कापले, आणि शिवून बघितलं तर बाटली आत जात नाही. किंवा आतलं अस्तर चुण्या पडून गोळा होतं. थर जसजसा बाहेर जाईल तसा त्याचा घेर वाढतो, जाडीच्या साधारण सव्वासहा पटीने. ५ मिमीला ३.१ सेंमी, १० मिमीला ६.३ सेंमी.

बाटलीचा घेर २३ सेंमी धरू. अस्तर अर्धा सेंमी सैल, म्हणजे शिवून २३.५. दोन्ही बाजूंना १ सेंमी माया धरून २५.५ रुंद कापा. बाहेरचं कापड २३.५ अधिक ६.३, म्हणजे शिवून जवळजवळ ३०, मायेसकट ३२. फोमची आतली पट्टी २५ आणि बाहेरची २८, तिला माया नको. बुडाचा गोल काढताना शिवलेल्या घेराला ३.१४ ने भागा: अस्तराला ७.५ व्यासाचा गोल, बाहेरच्याला ९.५, आणि दोन्हीला चहूबाजूंनी १ सेंमी माया. फोमच्या चकत्या ९.५ ला जराशा कमी. उंची मोजताना बुडाच्या चकत्यांचा १ सेंमी वाढवायला विसरू नका. बाटलीला मध्ये कंबर असेल तर सगळ्यात रुंद भागाचंच माप घ्या. कंबरेशी राहिलेली पोकळी कॉलर आवळलेली असेल तर त्रास देत नाही.

गोल जोडताना तो लाटेसारखा होत असेल तर गोलावर आणि नळीवर चार समान खुणा करून आधी त्या जुळवा. कट मारायचे ते नळीच्या कडेला, गोलाला नाही, आणि मायेच्या अर्ध्यापर्यंतच. टाचण्यांनी पॅराशूट कापडाला कायमची भोकं पडतात, म्हणून कपडे वाळत घालायचे चिमटे लावा किंवा मायेतच कच्ची शिलाई घाला.

मशीनचं थोडक्यात. टाके गाळत असेल तर सुई बदला, कॅन्व्हासला १६ नंबर, पट्टे जोडताना १८. टाका ३ ते ३.५ मिमी ठेवा. बारीक टाक्याने रेक्झिन आणि पॅराशूट कापड तिकिटासारखं फाटतं. दोरा पॉलिस्टरचा, सुती दोरा ओलाव्यात कुजतो. रेक्झिन फूटखाली अडकत असेल तर वर पतंगाच्या कागदाची पट्टी ठेवून शिवा आणि नंतर फाडून काढा.

बाहेरचं कापड म्हणून माझी पसंती जाड कॅन्व्हासला. रेक्झिनवर आलेला घाम थेंब होऊन खाली घरंगळतो आणि सगळा एका जागी वहीवर पडतो. कॅन्व्हासमध्ये तो पसरतो आणि पंख्याखाली वाळतो. ईपीई फोम स्वतःच वाफ अडवत असल्यामुळे बाहेर कॅन्व्हास चालतं. हाताशी फक्त वॅडिंगच असेल तर मात्र बाहेर रेक्झिन किंवा कोटिंगवालं कापडच घ्या, आणि शिलाई आतून टेपने झाका.

वास येत असेल तर

जुन्या कव्हराला कुबट वास येत असेल तर आत बहुधा वॅडिंग किंवा स्पंज आहे. धुऊन उपयोग नाही, आपल्याकडच्या पावसाळ्यात ते आतून वाळतच नाही. तोंडाची शिलाई उसवा, आतला माल काढून टाका, दोन्ही कापडं साबणाने धुऊन कडक वाळवा आणि फोमचं नळकांडं सरकवा. काळे ठिपके पडलेलं अस्तर मात्र बदलाच. नवीन शिवताना अस्तराची पिशवी तोंडाला पूर्ण घेरभर वेल्क्रोने जोडा, म्हणजे ती आठवड्याला काढून धुता येते. वेल्क्रो तुकड्यातुकड्यांनी लावायची काटकसर करू नका, मधल्या फटींतून हवा आत जाते.

दिवाळीनंतर ऑर्डर घेणाऱ्यांसाठी शेवटचं. हिवाळ्यात नमुना तपासायचा तर बाथरूममध्ये गरम पाण्याच्या दोन बादल्या भरून ठेवा, खिडकी आणि दार लावा, आणि आरशावर वाफ धरली की गार पाण्याची बाटली कव्हर घालून ताटलीसकट आत ठेवा. अर्ध्या तासाने बाहेर काढून लगेच वजन करा. शेजारी तशीच एक बाटली कव्हराशिवाय ठेवलेली असू द्या. दोघींच्या वजनवाढीतला फरक बघूनच भाव सांगा.